एसीखालची बुरशी: अँटीफंगल पेंट की चुना?

एसीचं पाणी झिरपून भिंतीला बुरशी धरली की आधी गळती थांबवायची, यात दुमत नाही. बहुतेक वेळा ड्रेन पाइप बुळबुळीत गाळाने तुंबलेला असतो, नाहीतर त्याचा उतार बिघडलेला. ते झालं, तोंडाला मास्क लावून काळे डाग ओल्या फडक्याने पुसून काढले (ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो), की प्रश्न उरतो भिंतीला काय लावायचं याचा. आमच्या रत्नागिरीकडे दोन उत्तरं मिळतात: पुट्टी भरून अँटीफंगल पेंट, किंवा चुना. आमच्या घरात दोन्ही लावून झालंय.

पेंट दिसायला उजवा, ओल्या फडक्याने पुसता येतो, अंगाला लागत नाही. त्यातलं बुरशीनाशकही खोटं नाही. रंगाच्या वरच्या बाजूला बुरशी सहसा धरत नाही. पण त्याला खाली कोरडी भिंत लागते, आणि चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत एकदा पाणी प्यायली की लवकर सोडत नाही. त्यात इथला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. गणपतीच्या आधी रंग उरकायचा म्हणून श्रावणात पेंट मारला, तर ओल आतच कोंडली जाते.

माझं मत मात्र वेगळ्याच गोष्टीने बदललं. पेंट लावलेल्या भिंतीवर एसीच्या खालच्या कोपऱ्यात पेराएवढा फुगा आला. बाकी भिंत स्वच्छ. फुगा बोटाने दाबला तर पाणी ओघळलं. पापुद्रा सोलला तर मागची पुट्टी लोण्यासारखी मऊ, आणि पापुद्र्याच्या आतल्या बाजूला काळी बुरशी वीतभर पसरलेली. पाइप पुन्हा तुंबला होता, बहुधा बऱ्याच दिवसांपूर्वी, आणि भिंतीने कळूच दिलं नव्हतं. खोलीत कुबट वास येत होता, तो आम्ही पावसाळ्याचा धरून चाललो होतो. घरात दम्याचं माणूस असताना ही लपवाछपवी मला परवडणारी नव्हती.

चुन्यात ओल लपत नाही. थोडं पाणी झिरपलं तरी त्याच दिवशी करडा डाग उमटतो, आणि मेकॅनिकला फोन जातो. चुना भिंतीची छिद्रं बुजवत नाही, त्यामुळे गळती थांबल्यावर ओल बाहेर पडायला वाट राहते. किंचित दमट भिंतीवरही तो बसतो, उलट हात देण्याआधी भिंत शिंपडून घेतात. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे टिकणं अवघड. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो निवळतो आणि हा गुण ओसरतो, म्हणून दर वर्षी आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी एक हात द्यावा लागतो.

त्रास आहेतच. भिंतीला टेकलात की पाठ पांढरी. चुना विरवताना उकळतो, डोळ्यात गेला तर इजा होते, चष्मा हवाच. आधीचा प्लास्टिक पेंट आणि पुट्टी पार गिलाव्यापर्यंत खरवडावी लागते, त्यावर चुना धरत नाही. पीओपीच्या भिंतीला तर तो सुचवणारच नाही. फ्लॅट असेल, गिलावा सिमेंटचा असेल आणि भिंत उन्हाळ्यात नीट वाळवून घेता येत असेल, तर पेंट घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

चिऱ्याचं घर असेल तर मात्र निदान एसीची भिंत तरी चुन्याची ठेवा, असं सुचवेन. आम्ही बाकीच्या तीन भिंती पेंटच्याच ठेवल्या. दोन्ही पांढऱ्यांत फरक दिसतो, पण पलंग त्या भिंतीपासून हातभर पुढे ओढला की चुनाही अंगाला लागत नाही आणि मागे वाराही फिरतो.