आत्याचं पुस्तक ‘दुर्मिळ’ कसं झालं

माझी आत्या वीरपत्नी. तिचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७१ च्या लढाईत गेले. ‘५६ एपीओ’चा, म्हणजे सैन्याच्या टपालाचा, शिक्का असलेली त्यांची पत्रं, पेन्शनच्या कागदांसाठी घातलेल्या खेपा आणि मधूनमधून कविता, असं सगळं तिनं वह्यांत लिहून ठेवलेलं. ते छापायचं ठरलं तेव्हा एक ‘प्रकाशक’ घरी आला. (प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही.) “आई, वीरपत्नींसाठी आमची खास योजना आहे, निम्मा खर्च आमचा,” म्हणाला. आत्यानं साठवलेल्या पेन्शनमधून ६५,००० रुपये दिले. ठरल्या ५०० प्रती, घरी आल्या ४०. बाकीच्या म्हणे विक्रेत्यांकडे गेल्या.

पुढं तेच पुस्तक ऑनलाइन दिसलं: ‘दुर्मिळ, शेवटची प्रत, १,८०० रुपये’. मित्राच्या नावानं मागवली. नंतर भावानं मागवली, तीही ‘शेवटची’च! दोन्ही प्रती ताज्या. पानं शिवलेली नाहीत, नुसती चिकटवलेली. अक्षरांवर चकाकी, आणि पान दुमडून नख ओढलं की घडीवरची शाई निघते. ही डिजिटल छपाई. ऑफसेटला, म्हणजे एकदम जास्त प्रती काढायच्या छपाईला, आधी प्लेट कराव्या लागतात, त्यामुळे पाच-दहा प्रती काढणं परवडत नाही. डिजिटलला एक प्रतही निघते. म्हणजे ५०० छापल्याच नव्हत्या. गिऱ्हाईक आलं की एक काढायची, आणि छापल्याच नाहीत म्हणून दुर्मिळ म्हणायचं. डोकं मात्र मानलं पाहिजे.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ७,००० वेगळे घेतले होते. हा क्रमांक भारतात सरकारी आयएसबीएन संस्थेकडून फुकट मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. आमचा तर खोटाच निघाला. घरी तपासता येतो: १३ अंक घ्या, पहिला, तिसरा, पाचवा असे जसेच्या तसे, दुसरा, चौथा, सहावा असे तिपटीनं. सगळ्यांच्या बेरजेला १० नं नि:शेष भाग गेला पाहिजे. आमची बेरीज ११७.

करारात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं बारीक इंग्रजीत घातलं होतं, मुदत न लिहिता. वकिलांनी सांगितलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. तेवढाच दिलासा.

पैसे देताना छापखान्याचं बिल आणि प्रती पोचवल्याचं चलन मागा. शेवटचा हप्ता गठ्ठे मोजून घेतल्यावरच द्या. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला ३० दिवसांत प्रत पाठवावी लागते, तिची पोचही मागा. खरा प्रकाशक रागावत नाही. आणि मूळ वही देऊ नका, झेरॉक्स द्या. आत्याच्या दोन वह्या अजून त्याच्याकडेच आहेत; नोटिशीच्या उत्तरात त्यानं लिहिलंय, “शोधून कळवतो.”