रस्त्याखालच्या भरावाचा उतार: बिशप की फायनाइट एलिमेंट?

रस्त्याखालच्या भरावाचा उतार घसरेल का, हे गणिताने तपासण्याच्या या दोन पद्धती. भराव साधा असेल, माती बऱ्यापैकी एकसारखी आणि खालची जमीन घट्ट असेल, तर माझं मत सरळ बिशपच्या बाजूने. १९५५ची ही पद्धत आजही पुरून उरते. घसरण वर्तुळाकार धरायची, त्या मातीचे उभे काप पाडायचे आणि बरीच वर्तुळं तपासून सर्वांत कमी फॅक्टर ऑफ सेफ्टी (घसरण रोखणारी ताकद भागिले घसरवणारी ताकद; १ च्या खाली म्हणजे उतार घसरतो) शोधायचा. कोहेजन (मातीचा चिकटपणा), घर्षणकोन (कणांमधलं घर्षण दाखवणारा कोन), मातीचं वजन, पाण्याची पातळी आणि वर वाहनांचा भार एवढं हाताशी असलं की झालं. उत्तर स्प्रेडशीटवर कुणालाही पडताळता येतं, हा तिचा सर्वांत मोठा गुण. मात्र पायथ्याखाली मऊ चिकणमातीचा पातळ थर असला की माती वर्तुळात न घसरता त्या थरावरून आडवी सरकते. तिथे स्पेन्सर किंवा मॉर्गनस्टर्न-प्राइस या पद्धती घ्या, त्यांत घसरण वर्तुळाकारच धरावी लागत नाही.

फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे भराव छोट्या तुकड्यांत विभागून संगणकावर गणित करताना, घसरण कुठून होईल हे आधी धरावं लागत नाही. उतार कोसळेपर्यंत मातीची ताकद टप्प्याटप्प्याने कमी करत जायचं. भरावाला खेटून भिंत आहे, पोटातून मोरी जाते किंवा जुन्या भरावाला नवा जोडायचाय, आणि रस्ता किती खचेल हेही हवंय, तर हीच पद्धत घ्यावी. पण मातीचा ताठरपणा अंदाजाने भरला असेल, तर खचण्याच्या आकड्यांवर विसंबू नका.

खरा फरक पाडतं ते पाणी. २ आडवे १ उभे असा उतार, कोहेजन शून्य, घर्षणकोन ३४ अंश: कोरडा असताना फॅक्टर १.३५. तोच उतार भिजून पाणी पृष्ठभागाला समांतर झिरपू लागलं की सुमारे ०.७, म्हणजे घसरलाच! कायमच्या उताराला सहसा १.५ मागतात. तेव्हा महागड्या सॉफ्टवेअरआधी बोअरहोल (माती तपासायला घेतलेली छिद्रं) आणि पिझोमीटरवर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) खर्च करा.

मऊ चिकणमातीवर नवा भराव टाकताय? मग बहुधा काम संपतानाची अवस्था सर्वांत धोक्याची, कारण छिद्रदाब (मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब) अजून उतरलेला नसतो. ड्रेन न झालेल्या, म्हणजे पाणी अजून निघून न गेलेल्या मातीची ताकद घेऊन ही अवस्था वेगळी तपासाच.

भराव जुना असेल तर आधी माथ्यावरच्या भेगा बघा. भेग कमानीसारखी वळलेली आणि उताराकडची बाजू खाली बसलेली दिसली, तर पद्धतीचा वाद बाजूला ठेवून त्या कडेची वाहतूक आधी थांबवा, भेगेत पाणी जाणार नाही असं बघा.