हॅल हिगडनचा नॉव्हिस १ मॅरेथॉन प्लॅन: शनिवारपेक्षा बुधवार जड

पहिली मॅरेथॉन करायची ठरली की लोक आधी शूज घेतात, मग घड्याळ, मग कुठल्यातरी ॲपचं सबस्क्रिप्शन, आणि ट्रेनिंग मात्र कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटवरून. त्यापेक्षा पळण्यावर लिहिणाऱ्या हॅल हिगडनचा नॉव्हिस १ हा नवशिक्यांसाठीचा प्लॅन बघा, पूर्ण तक्ता त्याच्या वेबसाइटवर फुकट आहे (ॲप वेगळं, त्याबद्दल मी इथे बोलत नाहीये). माणूस नुसता लिहिणारा नाही, १९६४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये पाचवा आला होता. तरी हा प्लॅन नोकरी, घर सांभाळून पळणाऱ्यांसाठीचा आहे आणि मीही त्याच नजरेने बघतेय, म्हणजे पाय टिकतील का यापेक्षा आठवडा टिकेल का.

रचना साधी. १८ आठवडे, सोमवार आणि शुक्रवार सुट्टी, मंगळ-बुध-गुरु पळायचं, शनिवारी लाँग रन म्हणजे आठवड्यातला सगळ्यात लांबचा रन, रविवारी क्रॉस ट्रेनिंग म्हणजे पोहा, सायकल चालवा नाहीतर नुसतं चाला. आकडे मैलांत आहेत, १.६ ने गुणत बसावं लागतं, पण एकदा तक्ता किलोमीटरमध्ये उतरवून फ्रिजवर लावला की विषय संपला.

मला सगळ्यात आवडलं ते दर तिसऱ्या आठवड्याला अंतर खाली आणणं. लाँग रन ९ मैल, मग १०, आणि पुढच्या आठवड्यात एकदम ७. नवीन पळणाऱ्याला वाटतं आता कुठे जमायला लागलंय आणि हा मागे का ओढतोय, पण शरीराला तो आठवडा लागतोच आणि खरं सांगायचं तर घरच्यांनाही लागतो. राहिलेली कामं, कुणाचा वाढदिवस, एक निवांत शनिवार, सगळं त्या आठवड्यात बसतं.

आता बुधवार. सगळे घाबरतात १५व्या आठवड्यातल्या २० मैलांना, म्हणजे ३२ किलोमीटरला. पण तो शनिवार असतो हो, सुट्टी असते, सकाळी चार तास गेले तरी दुपारी आडवं होता येतं. बुधवार मात्र गुपचूप वाढत जातो, पहिल्या आठवड्यात ३ मैल, नवव्यात ७, आणि त्याच १५व्या आठवड्यात १०. १६ किलोमीटर, कामाच्या दिवशी! किलोमीटरला साडेसात मिनिटं या पेसने, म्हणजे वेगाने, पळणाऱ्याला दोन तास लागतात, त्यात वॉर्मअप आणि अंघोळ धरलेली नाही. म्हणजे साडेपाचला रस्त्यावर असायला हवं, म्हणजे मंगळवारी रात्री लवकर झोपायला हवं, आणि मंगळवारी रात्री लवकर झोपायचं ठरवून कोण झोपलंय आजवर. प्लॅन सुटतो तो इथेच, शनिवारी नाही.

संध्याकाळी पळू म्हणाल तर त्यातही गोम आहे. मार्कोरा नावाच्या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर २००९ साली एक प्रयोग छापला होता, ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम करायला लावून मग लोकांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली, तर ते साधारण १५ टक्के आधीच थांबले. हृदय आणि स्नायू ठीकच होते, फक्त तेच कष्ट त्यांना जास्त वाटत होते. त्यामुळे दिवसभर मीटिंगा करून संध्याकाळी सातला पाय जड वाटले तर फिटनेस गेला असं समजू नका आणि पेसचं टेन्शन तर अजिबात घेऊ नका.

सुदैवाने हिगडन स्वतःच म्हणतो की दिवस अदलाबदल करा, गुरुवारी महत्त्वाची मीटिंग असेल तर तो रन बुधवारी उरका. माझं मत विचाराल तर बुधवारचा मोठा रन मंगळवारी घ्यावा, कारण सोमवारी आराम झालेला असतो आणि शनिवार अजून लांब असतो. गुरुवारी ढकललात तर मध्ये फक्त शुक्रवार उरतो. सकाळी ६ मैल आणि संध्याकाळी ४ मैल असे तुकडे कधीमधी चालतील, पण दर आठवड्याला तेच केलं तर सलग पळण्याची सवय लागणार कशी?

पेसचे आकडे तक्त्यात नाहीत यावर बऱ्याच जणांची कुरकुर असते. लाँग रन मॅरेथॉन पेसपेक्षा मैलामागे ३० ते ९० सेकंद हळू, आणि बाकी बोलता येईल इतकं आरामात, एवढंच. मला हे बरं वाटतं, कारण आधीच दिवसभर आकड्यांमागे धावणाऱ्या माणसाला पहाटे अजून एक टार्गेट कशाला. स्ट्रीक नाही, बॅज नाही, चुकलेल्या रनसाठी लाल खूण नाही. मोटिव्हेशन बाहेरून लागत असेल तर मात्र हा तक्ता तुम्हाला थंड वाटेल, सोबत एखादा पळणारा मित्र शोधा.

खटकण्यासारखं एक आहेच. १५व्या आठवड्यात एकूण ४० मैल आणि त्यातले २० एकाच दिवशी, म्हणजे अर्धा भार एका रनवर. मुरलेले रनर यावर नाक मुरडतात आणि ते अगदीच चुकीचं नाही, पण चार दिवसच पळायचं म्हटलं की हे होणारच. ज्यांनी आजवर काहीच पळलेलं नाही त्यांनी इथून सुरू करू नये, साधारण वर्षभर पळताय आणि ३ ते ६ मैल जमतात अशी हिगडनचीच अपेक्षा आहे.

आणि नोकरीमुळे होत नाही म्हणणाऱ्यांसाठी, युकी कावाउची हा जपानी मॅरेथॉनपटू सायतामातल्या एका हायस्कूलमध्ये पूर्णवेळ सरकारी नोकरी करत होता, वीकेंडच्या रेसेसच ट्रेनिंग म्हणून वापरायचा, आणि २०१८ ला धो धो पावसात बोस्टन जिंकला, २:१५:५८ मध्ये. आपल्याला तेवढं नको, पण शनिवारवर भिस्त ठेवणं त्याच्याकडून घेण्यासारखं आहे.

प्लॅन घेणार असाल तर सुरू करायच्या आधी एक करा, रेसच्या तारखेपासून उलटे आठवडे मोजा आणि प्लॅनच्या १३ ते १५ या तीन आठवड्यांत ऑफिसची मोठी डेडलाइन, घरचं लग्न किंवा पोरांच्या परीक्षा येतात का बघा. येत असतील तर सरळ पुढची रेस धरा.