मुलाच्या हृदयाची तपासणी: प्रश्नावली, ईसीजी की इको?

मूल स्पर्धात्मक खेळात उतरले, किंवा मैदानावर कोसळलेल्या एखाद्या तरुणाची बातमी वाचनात आली, की पालक कोणत्या ना कोणत्या तपासणी केंद्राच्या 'हार्ट पॅकेज'कडे वळतात. मात्र तपासणी निवडण्यापूर्वी आपण कोणता आजार शोधत आहोत, हे ठरवावे लागते. हृदयाचा स्नायू आनुवंशिकतेने जाड होण्याचा विकार साधारणपणे 500 माणसांत एकाला असतो. तो आणि हृदयाच्या विद्युतवहनातील दोष ही खेळताना अचानक येणाऱ्या मृत्यूची प्रमुख कारणे आहेत. जन्मजात छिद्रे, तसेच घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या सांधेज्वराने खराब झालेल्या झडपा, हा निराळा गट असून आपल्याकडे तो मुळीच दुर्मीळ नाही. या दोन्ही गटांना सारख्याच खात्रीने पकडणारी एकच तपासणी अस्तित्वात नाही.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नीट विचारलेले प्रश्न, आणि माझ्या मते सर्वाधिक हेळसांडही त्याचीच होते. 'घरात कोणाला हृदयविकार आहे का?' असे विचारले, की आजोबांची बायपास आठवते आणि विषय तिथेच संपतो. विचारायला हवे ते असे: आई आणि वडील या दोन्हींकडच्या नात्यांत पन्नाशीच्या आत कोणी अचानक, विशेषतः झोपेत गेले का? उत्तम पोहता येत असूनही कोणी विहिरीत किंवा नदीत बुडाले का? मूल धावताना किंवा दचकल्यावर कधी बेशुद्ध पडले का? हृदयाच्या एका विद्युतदोषात पोहणे किंवा अचानक झालेला मोठा आवाज हेच बेशुद्धीच्या झटक्याचे निमित्त ठरते. त्या झटक्याला आकडी समजून मुलाला वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या दिल्या गेल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. याच दोषाचा एक प्रकार जन्मजात बहिरेपणासोबत येतो आणि तो आई व वडील दोघांकडून मिळालेल्या जनुकांमुळे होतो. म्हणून जिथे मामे-आतेभावंडांत लग्ने होतात, अशा घरातील जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युतलहरींचा आलेख, एकदा तरी काढलाच पाहिजे. प्रश्नावलीची मर्यादाही उघड आहे, कारण अनेक मुलांना पहिल्या झटक्यापूर्वी कोणतेही लक्षण नसते.

स्टेथोस्कोप, रक्तदाब आणि जांघेतील नाडी या तपासणीला पाच-सात मिनिटे लागतात. महाधमनी अरुंद असेल तर हाताच्या तुलनेत जांघेतील नाडी क्षीण लागते, आणि ती पाहण्याचे नेमके अनेकदा राहून जाते. छिद्रे व झडपांचे दोष मर्मरवरून, म्हणजे ठोक्यांमध्ये ऐकू येणाऱ्या जादा आवाजावरून, कळू शकतात, मात्र निरोगी मुलांतही निरुपद्रवी मर्मर सर्रास ऐकू येतो, त्यामुळे तो शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची पाहणी होते आणि त्यात जन्मजात व सांधेज्वरजन्य हृदयविकारांचा समावेश आहे. शाळेत पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

ईसीजीबाबत देशोदेशींचा अनुभव परस्परविरोधी आहे. इटलीने 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंना तो सक्तीचा केला. त्या देशाच्या व्हेनेतो प्रांतातील खेळाडूंमधील आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला 3.6 होते, ते 2003-04 पर्यंत 0.4 वर आले. इस्रायलने 1997 मध्ये तशीच सक्ती केली, पण तिथे आधीच्या आणि नंतरच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ईसीजी काहीशे रुपयांत होतो, आणि स्नायू जाड होण्याचा विकार व विद्युतवहनाचे बरेचसे दोष त्यात दिसू शकतात. हृदयाची रक्तवाहिनी चुकीच्या जागेहून निघत असेल तर मात्र तो बहुधा सामान्यच येतो. केवळ श्रमाच्या वेळी उफाळणारे काही विद्युतदोषही विश्रांतीच्या ईसीजीत दिसत नाहीत. शिवाय खरी अडचण वाचनाची आहे. लहान मुलांत छातीवर लावलेल्या पहिल्या काही लीडच्या (विद्युतजोडण्यांच्या) आलेखात टी-लहर, म्हणजे ठोक्याच्या शेवटची लहर, उलटी दिसणे स्वाभाविक असते आणि नियमित सराव करणाऱ्या मुलाची नाडी मंद असते. प्रौढांचे निकष लावणाऱ्याच्या हाती असा आलेख पडला, तर निरोगी मुलाचा खेळ विनाकारण बंद होतो. यंत्राने छापलेल्या 'ॲबनॉर्मल' या शब्दावर कोणताही निर्णय घेऊ नये.

टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी तपासणी, याहून बराच महाग असतो, आणि पडद्यावर हलणारे हृदय पाहून पालकांना जी निश्चिंती वाटते ती काहीशी फसवी असते. छिद्र, झडपा आणि स्नायूची जाडी पाहण्यासाठी त्याला तोड नाही. विद्युतदोषांबाबत तो मुका आहे. इंग्लंडमध्ये 1996 ते 2016 या काळात 11,168 किशोरवयीन फुटबॉलपटूंची प्रश्नावली, ईसीजी आणि इको अशी तिन्ही प्रकारे तपासणी झाली. 42 जणांत जिवावर बेतू शकणारा विकार सापडला, हे त्या तपासणीचे यश. पण पुढे ज्या आठ जणांचा हृदयविकाराने आकस्मिक मृत्यू झाला, त्यांपैकी सहा जणांचे अहवाल सामान्य होते. स्नायूचे विकार वयात येताना आणि त्यानंतरही प्रकट होत राहतात, म्हणून एकदाचा अहवाल आयुष्यभराचा दाखला ठरत नाही. सांधेज्वराच्या बाबतीत मात्र इकोचे पारडे निश्चितपणे जड आहे. स्टेथोस्कोपला न कळणारी झडपेची सुरुवातीची इजा त्यात दिसते. युगांडात अशा मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन दिले, तेव्हा दोन वर्षांत झडपेचा आजार बळावण्याचे प्रमाण 8.2 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले.

घरात कोणाला तरुणपणी हृदयविकाराचा झटका आला असेल, तर मुलाचे कोलेस्टेरॉल एकदा तपासावे. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल लहानपणीच कळते आणि त्यावर उपचारही आहेत.

लक्षण नसलेल्या आणि घराण्याचा इतिहास स्वच्छ असलेल्या मुलासाठी मी सविस्तर प्रश्न आणि प्रत्यक्ष तपासणी इथेच थांबेन. जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलासाठी बालहृदयरोगतज्ज्ञ वाचून देणार असेल तर ईसीजी काढेन आणि तो दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढेन. इको मात्र मर्मर, श्रमात आलेली बेशुद्धी, घराण्यातील स्नायूविकार किंवा सांधेज्वराचा पूर्वेतिहास असेल तरच. दरवर्षीच्या इकोवर होणारा खर्च पालकांनी एकत्र येऊन मैदानावरील डिफिब्रिलेटरसाठी, म्हणजे थांबू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रासाठी, वळवावा, असेही मी सुचवेन. 12 जून 2021 रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियान एरिक्सन युरो स्पर्धेच्या सामन्यात कोसळला, तेव्हा त्याला वाचवले ते तात्काळ मिळालेल्या छातीदाबाने आणि त्या यंत्राच्या एका झटक्याने. अकादमीत नाव घालताना हे यंत्र कुठे ठेवले आहे आणि ते कोणाला चालवता येते, हे विचारून घ्यावे.