लाहौलमध्ये भाड्याची कॅम्पर व्हॅन: बोल्डरिंग आणि सायकल दोन्ही करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

मे-जूनमध्ये सह्याद्रीत कातळाला हात लावायची सोय नसते, हंपीचा ग्रॅनाइट तर सकाळीच तापलेला असतो, त्यामुळे यंदा आम्ही बोल्डरिंगसाठी (मोठ्या सुट्या दगडांवर दोराशिवाय, फार उंच न जाता चढणं) मनालीकडे आणि तिथून पलीकडे हिमाचलच्याच लाहौल खोऱ्याकडे मोर्चा वळवला आणि हॉटेल, टॅक्सी, परत हॉटेल असं करण्याऐवजी सेल्फ ड्राइव्ह कॅम्पर व्हॅन घेतली. फोर्स ट्रॅव्हलरची बॉडी, मागे बेड, बाजूला छोटा ओटा, टपावर सोलर पॅनल. इकडे भाड्यानं मिळणाऱ्या बऱ्याचशा व्हॅन साधारण अशाच बनवलेल्या असतात म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते वेळेमुळे. उंचावर ऊन कडक, दुपारी दगड गरम झाला की ग्रिप जाते आणि बोटांची सालं निघतात, म्हणजे चांगलं क्लायंबिंग एकतर सूर्य दगडावर यायच्या आधी नाहीतर सावली पडल्यावरच. आम्ही अटल टनेलपलीकडच्या, लाहौलमधल्या कोकसर गावात व्हॅन लावून झोपायचो, उजाडायच्या आत चहा, आणि मनालीहून निघालेले लोक अटल टनेलमधून बाहेर पडेपर्यंत आमचा वॉर्मअप संपलेला असायचा. मधल्या वेळात सायकल नाहीतर झोप.

आता महत्त्वाचं. छत्रूचे बोल्डर बघायचेत म्हणून जाणार असाल तर व्हॅन तिथपर्यंत जाईल असं धरून चालू नका. छत्रू ज्यावर आहे तो कोकसरजवळचा ग्रामफू ते बातल रस्ता म्हणजे दगडधोंडे आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले, आमच्या करारात तो रस्ता चक्क मना होता आणि ते योग्यच आहे, ट्रॅव्हलरचं पोट घासलं असतं. आम्ही कोकसरहून लोकल जीप ठरवली, क्रॅश पॅड (पडल्यावर लागू नये म्हणून दगडाखाली टाकायच्या जाड गाद्या) जीपमध्ये, आणि ज्यांच्यात दम होता ते सायकलवर. पहाटेच निघा, कारण दिवस चढला की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत येतो. पण चंद्रा नदीच्या काठचा तो ग्रॅनाइट! खरखरीत, स्वच्छ, आणि चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर. ज्याला बोल्डरिंग मनापासून आवडतं त्यानं एकदा तरी इथे यावंच.

सायकलसाठी सिस्सू ते केलाँग ते जिस्पा हा पट्टा मस्त, एक जण व्हॅन पुढे नेतो आणि बाकीचे सायकलवर, तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात तिथे जेवण. दुपारनंतर खोऱ्यात वारा असला सुटतो की उताराला पण पेडल मारावं लागतं, सकाळीच उरका. रोहतांग खिंडीचा चढ (माथा 3978 मीटर) शेवटच्या दिवसांसाठी ठेवा, आणि मनालीच्या बाजूला उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, डिस्क तापतात, थोडं थोडं दाबायचं.

व्हॅनच्या तक्रारी. मागचा सायकल रॅक तकलादू होता, खड्ड्यात सायकली एकमेकींवर आपटायच्या आणि टेललाइटही झाकली जायची, शेवटी पुढची चाकं काढून सायकली आतच घेतल्या, मग रात्री त्या बाहेर काढून साखळीनं बांधायच्या, रोजची कटकट. बॅटरी फ्रिज आणि दिवे यांनाच जेमतेम पुरते, इंडक्शन लावला की इन्व्हर्टर बोंबलतो, म्हणून गॅसची शेगडी असलेलीच व्हॅन मागा. आणि कुकर आहे का ते आधी विचारा, आमच्यात नव्हता! तीन हजार मीटरवर पाणी साधारण 90 डिग्रीलाच उकळतं, डाळ साध्या पातेल्यात शिजता शिजत नाही, दुसऱ्याच दिवशी मनालीच्या बाजारातून विकत आणला. गाद्या पातळ आहेत, पण खाली क्रॅश पॅड टाकले की झोप झकास.

अजून एक, हे आरोग्याचं आहे: उंचावर हवा विरळ, अंगाला तिची सवय व्हायला वेळ लागतो. मनाली साधारण 2050 मीटर, आणि 9 किलोमीटरच्या टनेलमुळे तासा-दीड तासात तुम्ही तीन हजारांच्या वर झोपायला पोचता. व्हॅन हाताशी आहे म्हणून पहिल्याच दिवशी पलीकडे पळू नका. आधी दोन रात्री मनालीच्या बाजूला काढा, अलेओ आणि सोलंगला बोल्डर आहेतच, हातही मोकळे होतात. आमच्यातला एक जण तरीही पहिली रात्र कोकसरला डोकं धरून बसला होता, दुखणं वाढलं असतं तर रात्रीच खाली यायची तयारी ठेवली होती.

पाच पैकी साडेतीन स्टार. ग्रुपमध्ये घाटात मोठी गाडी सराईतपणे चालवणारे किमान दोघं असतील आणि क्लायंबिंग-सायकल दोन्ही करायचं असेल तर नक्की घ्या. फक्त छत्रूच करायचं असेल तर व्हॅनवर खर्च करू नका, जीप आणि तंबू घेऊन तिथेच मुक्काम करा. गाडी ताब्यात घेताना रॅक हलवून बघा, स्टेपनी आणि जॅक बघा, आणि कुठल्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे ते लेखी घ्या.