‘तयार माल आम्हीच घेऊ’: कुत्र्यांच्या बिस्किटांच्या मशीनपासून सावध

‘घरबसल्या कुत्र्यांची बिस्किटं बनवा. मशीन आमचं, कच्चा माल आमचा, तयार माल 420 रुपये किलोने आम्हीच परत घेऊ.’ सांगली-मिरज भागातल्या बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही जाहिरात नव्या नावाने परत फिरायला लागली आहे, म्हणून लिहायला घेतलं. माझे यात 92,000 रुपये गेले. मशीनचे 68,000, पिठाचे 15,500 आणि ‘लायसन्स’चे 8,500. त्यातले 8,400 परत मिळाले आणि खरं नुकसान त्या 8,400 नीच केलं. ते पुढे येईलच.

कुत्र्याचा खाऊ मला नवा नव्हता. आमच्या मोतीसाठी मी घरी करायचेच. नाचणीचं पीठ, उकडलेला लाल भोपळा, अंडं आणि शिजवून वाटलेली कोंबडीची कलेजी. मीठ नाही, साखर नाही. पातळ लाटायचं, कापायचं आणि मंद आचेवर एवढं वाळवायचं की मोडताना टक्‌ आवाज आला पाहिजे. मधे जरा लवलं तरी पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते. गल्लीतली लोकं मागून न्यायची. हे कळूनच तो एजंट घरी आला होता. ‘ताई, तुमच्या हाताला चव आहे, विक्रीचं टेन्शन आमच्यावर सोडा.’ मी विचारायच्या आधी त्यानेच कडकनाथचा विषय काढला. कोंबड्या पाळायला देऊन परत विकत घेऊ म्हणणाऱ्या इस्लामपूरच्या कडकनाथ योजनेने 2019 साली आपल्या भागातली किती घरं बुडवली ते इथे कुणाला सांगायला नको. तो म्हणाला, ‘ताई, तिथं कोंबड्या मरायच्या. बिस्किट कधी मरतं का?’ घरातले सगळे हसले. आपल्या मनातली शंका समोरच्याने आधीच हसण्यावारी नेली की ती पुन्हा काढायची लाज वाटते, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

विश्रामबागला काचेच्या ऑफिसात पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला. त्यातलं एकच कलम सांगते: मालाचा दर्जा ठरवण्याचा अंतिम अधिकार कंपनीचा.

मशीनसोबत कृतीचा छापील कागद आला. त्यात पाच टक्के बेदाणा आणि ‘चवीपुरती कांदा-लसूण पावडर’ होती. तासगावचा बेदाणा आपण शिऱ्यापासून चिवड्यापर्यंत कशातही टाकतो, पण कुत्र्याला द्राक्ष किंवा बेदाणा म्हणजे विष. काही कुत्र्यांची किडनी थोड्याशा बेदाण्यानेही निकामी होते. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर त्याचा संशय आहे. कांदा आणि लसूण त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मी मिरजेच्या जनावरांच्या डॉक्टरांना कागद दाखवला, त्यांनी कपाळाला हात लावला. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘बरं मॅडम, तुम्ही नका घालू.’ एवढंच. कागद बदलला नाही, बाकीच्या बायकांना कळवलं नाही. ज्याला खरोखर बिस्किट विकायचं आहे त्याच्या ऑफिसात अशा फोनने पळापळ झाली असती. आधीच्या लोकांच्या मालात बेदाणा गेला असेल तर तो परत मागवावा लागला असता. यांना काहीच फरक पडला नाही, कारण ते बिस्किट कुठल्याच कुत्र्याच्या तोंडापर्यंत जाणार नव्हतं.

लायसन्सचंही तसंच. 8,500 घेऊन त्यांनी ‘एफएसएसएआय’, म्हणजे खाद्यपदार्थ विकायचा सरकारी परवाना, काढून देतो म्हणून सांगितलं. मुळात 2006 चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या अन्नाचा आहे. अन्नाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. माणसांसाठी घरगुती लाडू-चिवडा विकणाऱ्या छोट्या धंद्याच्या नोंदणीची सरकारी फीसुद्धा वर्षाला 100 रुपये आहे. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तर फुकट होते. कुत्र्याच्या बिस्किटासाठी कुणी या नावाखाली पैसे मागितले तर तिथेच उठा.

पहिला माल 20 किलो दिला. पीठ त्यांचंच, वास घेतला तर मका आणि कोंडा. त्यांनी गोणी उघडूनही पाहिली नाही, काट्यावर ठेवली आणि आठवड्याच्या आत 8,400 रुपये खात्यावर. मेसेज आला तेव्हा जाऊबाई शेजारी बसल्या होत्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी मशीन घेतलं, त्यांच्या बहिणीनेही घेतलं. कंपनीने एक रुपया जाहिरातीवर न घालवता दोन गिऱ्हाइकं मिळवली.

दुसऱ्या खेपेला ‘ओलावा जास्त’ म्हणून माल नापास. तपासणीचा अहवाल म्हणजे मोबाईलवर आलेला एका कागदाचा फोटो. त्यावर ना प्रयोगशाळेचं नाव, ना शिक्का, ना नमुन्याचा नंबर. नापास झालेला माल परत मागितला तर ‘नष्ट केला’. उपाय विचारला तर 22,000 रुपयांचं ‘अपग्रेड किट’. मी ते घेतलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांचाही माल नापास झाला. दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप लागलं.

कुपवाडला त्यांनी भाड्याने घेतलेलं शेड होतं. भाडं थकलं म्हणून मालकाने शटर उघडलं, तेव्हा आम्ही काही बायका पोचलो. आत छतापर्यंत गोण्या. माझी पास झालेली, पैसे मिळालेली गोणी मी सुतळीच्या गाठीवरून ओळखली. गाठ मी मारली होती तशीच होती. खालच्या गोण्या उंदरांनी फोडलेल्या, वरच्यांवर हिरवी बुरशी. बिस्किट एकही विकलं गेलं नव्हतं. आमचे 8,400 मागून आलेल्या कुणाच्या तरी मशीनच्या पैशातून दिलेले होते. मशीन म्हणजे ट्रे लावलेलं साधं ड्रायर, तसंच ऑनलाईन 19,000 ला दिसतं. एक हिशेब कुणालाही पाच मिनिटांत करता येतो. आपल्या बाजारात कुत्र्यांची साधी बिस्किटं 420 पेक्षा कमी दरात किलोभर मिळतात. मग कंपनी 420 ने घेऊन विकणार कुणाला? दुकानाचं नाव, बिल, कुठल्या गावात माल जातो, हे मागा. आम्हाला दर वेळी ‘एक्स्पोर्ट’ हे एकच उत्तर मिळालं.

पोलिसांत आमची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाखाली, फसवणुकीची, घेतली आहे. पैसे ऑनलाईन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला, फोन ताबडतोब करा. रक्कम समोरच्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते, आम्ही गेलो तोवर खातं रिकामं होतं. कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जायची सोय चालू होती, म्हणून दर, तारखा, ‘नापास’चे फोटो यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. एजंट आमच्याच भागातला आहे. मलाही फसवलं म्हणतो, पण प्रत्येक मशीनमागे त्याला कमिशन मिळत होतं हे त्याने जबाबात कबूल केलंय.

शेडमधल्या गोण्यांचा पंचनामा झाला आहे. ज्यांच्या गोणीवर नाव, नंबर किंवा काही खूण आहे त्यांनी करार आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन पोलिसांकडे यावं. रोख दिलेल्यांनीही यावं, पावती नसली तरी जबाब लिहून घेतात. पाऊस सुरू झाला की तो माल टाकून देणार आहेत, त्याच्या आत या.