चार्जिंगचा टूथब्रश: सासूबाई, नवरा, लेक आणि मी

आधी निकाल सांगते. घरात चार तोंडं. सासूबाई आणि लेक यांच्यासाठी पैसे वसूल, नवऱ्यासाठी निम्मे वसूल, आणि मला साध्या ब्रशवर काही अडलं नसतं. दिवाळीच्या सेलमध्ये दोन घेतले, एकेक अडीच-तीन हजारांच्या आसपास. छोटं गोल हेड (केसांचं टोक, काढून बदलता येतं, प्रत्येकाचं वेगळं), दोन मिनिटांचा टायमर, जास्त दाबलं की लाल दिवा. मोबाईलला जोडायचं मॉडेल मुद्दाम टाळलं. सकाळी बेसिनपाशी फोन कोण बघत बसणार?

सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण घेतला मुळात त्यांच्यासाठी. सत्तरी ओलांडली आहे, शुगर आहे, बोटं संधिवाताने आखडलेली. साधा ब्रश मुठीत धरून त्या समोरचे दात घासायच्या आणि झालं म्हणायच्या. आतली बाजू, विशेषतः खालच्या पुढच्या दातांची, कायम राहायची. लाळग्रंथींची नळी तिथेच मागे उघडते, म्हणून सगळ्यात जाड कीटण जमतं तेही तिथेच. त्यात ऐन उमेदीत वर्षानुवर्षं मशेरी लावलेली. सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली खरी, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवतंय? डॉक्टरांनी हिरड्या दाखवून दम दिला तेव्हा कुठे सुटली.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘अगं, हा हलतोय की मीच थरथरतेय?’ आठवडाभर नाकं मुरडली. मग जाडजूड मूठ हातात बसायला लागली. या ब्रशने घासायचं नसतं, नुसता दातावर टेकवून पुढच्या दातावर सरकवायचा. मनगट वळवायला नको, म्हणून संधिवाताचा हात असला तरी जमतं. आता आतली बाजू त्या स्वतः करतात. परवा क्लीनिंगला गेलो तर डॉक्टरांचं काम बरंच लवकर उरकलं. शुगर आणि हिरड्यांचं दुखणं एकमेकांना वाढवतात, त्यामुळे माझ्या लेखी ही नुसती दातांची गोष्ट नाही. उतारवयात हिरड्या खाली गेल्या की दाताचं मूळ उघडं पडतं, त्यावर इनॅमल, म्हणजे दाताचं कडक आवरण, नसतं, आणि गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर कीड तिथेच लागते. म्हणून फ्लोराइडची पेस्ट त्यांनाही हवीच, ती फक्त पोरांसाठी नाही.

वरची कवळी मात्र या ब्रशने धुवायची नाही. टूथपेस्टही नको, तिच्या खरखरीने कवळीवर बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते. आम्ही वेगळा मऊ ब्रश आणि साधा साबण वापरतो. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून त्यावर धरायची, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री साध्या पाण्यात. गरम पाणी अजिबात नको, कवळीचा आकार बिघडतो.

लेकाचं वय सहा. त्याला आवाजच आवडला, बाकी काही नाही! पण दर तीस सेकंदांनी ब्रश थबकतो, तेव्हा ‘आता वरची उजवी बाजू’ असा खेळ होतो, आणि दोन मिनिटं भरतात. त्याच्या सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढेच्या पाठीमागे नुकतीच पक्की दाढ आली. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून बऱ्याच घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि ‘पडेल आणि नवीन येईल’ म्हणून सोडून दिली जाते. ती पडणार नाही, जन्मभराची आहे. अर्धवट वर आलेली असते तेव्हा लांबट ब्रश शेजारच्या दाढेवरूनच निघून जातो, छोटं गोल हेड मात्र तिच्यावर बरोबर बसतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी पुन्हा घेईन. रात्रीचं ब्रशिंग अजून मीच करते. सात-आठ वर्षांपर्यंत पोरांच्या हाताला तेवढी सफाई नसते. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. शेवटी फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेलं नेमकं उलटं, त्यामुळे घरात यावरून अजून वाद होतात.

नवरा घाईचा माणूस. भांडी घासल्यासारखा आडवा ब्रश चालवायचा, हिरड्यांलगत खाचा पडल्या, थंड पाणी झोंबायला लागलं. लाल दिव्याने त्याचा हात हलका झाला. खाचा भरून येणार नाहीत, झिजलेलं इनॅमल परत उगवत नाही. पण आणखी वाढल्या नाहीत असं डॉक्टर म्हणाले.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी आधीपासून मऊ ब्रश हिरडीशी तिरका धरून सावकाश करत होते. फरक? सकाळी दात जिभेला जरा जास्त गुळगुळीत लागतात, बस. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ प्रयोग तपासून सांगितलं होतं की तीन महिन्यांनंतर चार्जिंगच्या ब्रशने साध्यापेक्षा दातांवरचा थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी दिसते. कीड कमी लागते असं त्यात सिद्ध झालेलं नाही. जाहिरातीत ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही.

शिवाय कुठलाही ब्रश दोन दातांच्या फटीत शिरत नाही. मला खरा फरक पडला तो इंटरडेंटल ब्रशने, म्हणजे फटीत घालायच्या बारीक ब्रशने, जो याच्या तुलनेत चिल्लर पैशांत येतो. पहिले काही दिवस रक्त आलं, मग थांबलं. दोन आठवडे होऊनही थांबलं नाही तर दाखवून घ्या. आणि जेवण झाल्यावर बांगडीतली सेफ्टी पिन काढून दात कोरणाऱ्या माझ्या समस्त मावश्यांनो, कृपा करा.

आता तक्रारी. चालू करून तोंडात घातला की आरसा, नळ, ब्लाउज, सगळीकडे शिंतोडे. आधी तोंडात, मग बटण. हेड काढून आत बघा: दांड्याभोवती करड्या रंगाची बुळबुळीत राड जमलेली असते. रोज हेड काढून दोन्ही भाग धुवून उभे वाळवले तरच टळते. हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात कुठेतरी आहे. बाथरूममध्ये एकच पॉइंट, तोही गीझरचा, म्हणून चार्जर फ्रिजवर ठेवलाय. चार्ज मात्र आठवडाभर आरामात टिकतो, गावी नेताना चार्जर घ्यावा लागत नाही.

खरा खर्च हेडचा. तीन महिन्यांनी बदलायचं, चार माणसांची वर्षाची सोळा, म्हणजे ब्रशपेक्षा हेडच महाग पडतात. एकदा स्वस्तातली ‘याला बसतील’ अशी मागवली. ढिली बसली, खडखडली, केस आठवड्यात पसरले. परत केली. आता सेल लागला की ओरिजिनल एकदम घेऊन ठेवते. जावेने विचारलं तेव्हा तिला सांगितलं, एकच घे, पोरांसाठी, वेगवेगळ्या रंगांच्या हेडसह, आणि उरलेल्या पैशांत तुम्ही दोघं क्लीनिंग करून या.